नदी-धरणाच्या पाण्यातले धातू कसे मोजतात? टीडीएस मीटरपासून आयसीपी-एमएसपर्यंत, सोप्या भाषेत

टीडीएस मीटर आता मोबाईलच्या चार्जरइतका सहज मिळतो. ग्लासात बुडवला की आकडा येतो, आणि आकडा कमी असला की "पाणी एक नंबर" असा निकाल लागतो. पण त्या पाण्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक किंवा पारा आहे का, हे या मीटरला कळतच नाही. ते कळायला वेगळी बाटली, वेगळी मशीन आणि आकडा वाचायची वेगळी सवय लागते.

या लेखात आपण बघू की नदी आणि धरणाच्या पाण्यातले अगदी थोडे धातू नेमके कसे मोजतात, आकडा कुठे चुकतो, आणि लॅबचा रिपोर्ट हातात आला तर काय तपासायचं. उदाहरणं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली घेऊ. प्रवरा, मुळा, गोदावरी, सीना या नद्या आहेत, भंडारदरा आणि मुळा ही धरणं आहेत, आणि नेवासा-शेवगावपर्यंत आलेला जायकवाडीचा फुगवटाही आहे.

थोडक्यात सांगायचं तर:

- पाण्यातले विषारी धातू बहुतेक वेळा पीपीबी पातळीवर असतात. टीडीएस मीटर तिथपर्यंत पोहोचत नाही.
- खरी मोजणी एएएस, आयसीपी-ओईएस किंवा आयसीपी-एमएस या मशीनवर होते.
- मशीन कितीही भारी असली तरी नमुना चुकीचा घेतला तर आकडा चुकतो.
- रिपोर्टवर "बीडीएल" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ "शून्य" असा नाही.

पीपीबी म्हणजे किती?

पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. पाण्याच्या बाबतीत १ पीपीबी म्हणजे एका लिटरमध्ये १ मायक्रोग्रॅम, म्हणजेच ०.००१ मिलिग्रॅम. पीपीएम त्याच्या हजारपट: एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम. रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा "मिलिग्रॅम प्रति लिटर" लिहिलेलं असतं, त्यामुळे शून्यं मोजताना जपून.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे आयएस १०५०० : २०१२. त्यातल्या काही मर्यादा बघा:

- शिसं: ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १० पीपीबी
- आर्सेनिक: ०.०१, म्हणजे १० पीपीबी
- कॅडमियम: ०.००३, म्हणजे ३ पीपीबी
- पारा: ०.००१, म्हणजे १ पीपीबी
- निकेल: ०.०२, म्हणजे २० पीपीबी
- एकूण क्रोमियम: ०.०५, म्हणजे ५० पीपीबी

आता हे डोळ्यांसमोर आणू. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. तिच्यात १० पीपीबी शिसं म्हणजे एकूण १० मिलिग्रॅम. तांदळाच्या अर्ध्या दाण्याचं वजन साधारण तेवढंच भरेल. अख्ख्या टाकीत अर्धा दाणा, आणि आपण मर्यादेच्या काठावर!

हेच गणित धरणाला लावलं तर चित्र उलटं दिसतं. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, म्हणजे पूर्ण भरलेल्या धरणात साधारण ७३,६०० कोटी लिटर पाणी. एवढ्या पाण्यात १ पीपीबी म्हणजे सुमारे ७३६ किलो धातू, आणि १० पीपीबी म्हणजे सात टनांहून जास्त. ग्लासात न दिसणारी गोष्ट धरणाच्या हिशेबात ट्रकभर होते. म्हणून धरणाच्या बाबतीत एक-दोन पीपीबीचा फरक किरकोळ समजत नाहीत.

टीडीएस मीटर इथे का उपयोगाचा नाही?

टीडीएस मीटर क्षार थेट मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणून टीडीएस दाखवतो. पाण्यात सगळ्यात जास्त असतात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराईड, सल्फेट, बायकार्बोनेट. आकडा त्यांचाच असतो.

समजा एका बोअरच्या पाण्याचा टीडीएस ३२० आहे. त्यात मर्यादेच्या पाचपट, म्हणजे ५० पीपीबी शिसं आलं. टीडीएसमध्ये भर पडेल ०.०५ ची. मीटर एक-एकच्या पायरीने दाखवतो, त्यामुळे तो पुन्हा ३२०च दाखवणार. उलट एखाद्या विहिरीचा टीडीएस ९०० असेल आणि तिच्यात विषारी धातू नावालाही नसतील, असंही होऊ शकतं.

विक्रीच्या वेळी आणखी एक प्रयोग दाखवतात. ग्लासात दोन-दोन दांड्यांचं यंत्र ठेवून वीज सोडतात, आणि नळाचं पाणी तांबडं-काळं होतं. "बघा, किती घाण आहे!" पण त्या दांड्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज सोडली की ती दांडीच झिजते, आणि पाण्यात दिसतो तो तिचाच गंज. आरओच्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळे वीज नीट वाहत नाही, म्हणून ते पाणी स्वच्छ राहतं. या प्रयोगातून नळाच्या पाण्यातल्या धातूंबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आपल्याकडच्या पाण्यात धातू येतात कुठून?

पहिला स्रोत आपल्या पायाखालीच आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर आहे. या खडकात लोह भरपूर असतं, आणि तांबं, निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियमही असतात. खडक झिजून माती होते, माती पावसात नदीत येते. म्हणून गाळात थोडं तांबं किंवा क्रोमियम सापडलं की लगेच कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. आधी विचारायचं: या खडकात मुळात किती असतं?

दुसरा स्रोत माणसाचा. प्लेटिंगच्या कामात क्रोमियम आणि निकेल वापरतात. बॅटऱ्यांमधून शिसं येतं. फॉस्फेट खतांमध्ये कच्च्या मालातूनच थोडं कॅडमियम आलेलं असतं. शहराच्या सांडपाण्यात जस्त आणि तांबं असतं. मूर्तींच्या रंगांमधूनही धातू पाण्यात जाऊ शकतात, म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूर्ती विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विसर्जनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर पाणी तपासायला सांगितलं आहे. हा "आधी-नंतर" प्रकार महत्त्वाचा आहे. नुसता नंतरचा आकडा असेल तर तुलना कशाशी करणार?

तिसरा मार्ग आडवळणाचा आहे. साखर कारखाना किंवा डिस्टिलरीच्या सांडपाण्यात मुख्यतः सेंद्रिय पदार्थ असतात. ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. ऑक्सिजन संपला की माती-गाळात घट्ट बसलेलं लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात उतरतं. म्हणजे सांडपाण्यात धातू नसले तरी पाण्यातले धातू वाढू शकतात. आपला जिल्हा साखरेचा, आणि इथे या विषयावर अभ्यासही झाले आहेत. नेवासा तालुक्यातल्या सोनई इथे साखर कारखान्याच्या सांडपाण्याने भूजल कसं बिघडलं, यावरचा शोधनिबंध १९९८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय नियतकालिकात आला होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "महाराष्ट्रात देशातले सर्वांत जास्त प्रदूषित नदीपट्टे" ही बातमी तुम्ही वाचली असेल. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. पण ही यादी बीओडीवरून ठरते, म्हणजे सेंद्रिय घाण किती यावरून. यादीत नाव आहे म्हणून धातू आहेत असं नाही, आणि नाव नाही म्हणून धातू नाहीत असंही नाही.

पायरी १: नमुना घेणं

संगणकवाले म्हणतात, कचरा आत टाकला तर कचराच बाहेर येतो. पाण्याच्या नमुन्याला हे शंभर टक्के लागू आहे.

बाटली: धातूच्या तपासणीसाठी एचडीपीई किंवा पॉलिप्रोपिलिनची बाटली वापरतात. ती आधी सौम्य नायट्रिक आम्लात भिजवून, मग अतिशुद्ध पाण्याने धुतलेली असते. बिसलेरीची रिकामी बाटली विसळून चालत नाही.

जागा: वाहत्या नदीत काठावरचं नाही, मुख्य धारेतलं पाणी घेतात, पृष्ठभागाच्या साधारण एक फूट खालून. माणसाने प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं आणि बाटली आपल्या पुढे धरायची, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ आत येत नाही. पुलावरून गंजकी बादली सोडून पाणी काढलं तर बादलीचं लोह फुकट मोजलं जातं.

वेळ: प्रवरेत आवर्तन सुटलेलं असतानाचं पाणी आणि आवर्तन बंद असताना बंधाऱ्यात साचलेलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. पहिल्या पुराचं गढूळ पाणी तिसरंच. म्हणून एका नमुन्यावर नदीचा निकाल लावत नाहीत. किमान पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, त्याच जागी, पुन्हा मोजतात. धरणात तर खोलीचाही प्रश्न येतो. उन्हाळ्यात खोल धरणाच्या तळाशी ऑक्सिजन कमी होऊन मँगनीज वर येऊ शकतं, त्यामुळे वरचं आणि तळाचं पाणी वेगळं दिसतं.

गाळणं आणि आम्ल: इथे क्रम चुकला की सगळं गेलं. "विरघळलेले" धातू हवे असतील तर पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, आणि मग त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल टाकून पीएच २ च्या खाली आणायचा. आम्ल यासाठी, की धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत. पण आम्ल आधी टाकलं तर गाळाच्या कणांवरचे धातूही सुटून पाण्यात येतात, आणि नंतर गाळून काही उपयोग नसतो. "एकूण" धातू हवे असतील तर गाळायचंच नाही. म्हणून रिपोर्टमध्ये "विरघळलेले" की "एकूण" हे लिहिलेलं असायला हवं. गढूळ पाण्यात या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि हो, तीव्र नायट्रिक आम्ल धोकादायक असतं. ते काम लॅबच्या माणसांनीच करायचं.

असं जतन केलेलं पाणी बहुतेक धातूंसाठी सहा महिन्यांपर्यंत चालतं. पाऱ्यासाठी मुदत फक्त २८ दिवसांची, कारण तो उडून जातो.

इतकी काळजी खरंच लागते का? अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचं उदाहरण बघा. १९५६ मध्ये त्यांनी पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं. ते करताना शिसं मोजायचं होतं, आणि आकडे जुळेनात. कारण धूळ, भांडी, रसायनं, कपडे, सगळीकडूनच शिसं नमुन्यात येत होतं. त्यांनी अतिस्वच्छ लॅब उभारली, तेव्हा कुठे खरा आकडा मिळाला. त्याच नजरेने पुढे समुद्राचं पाणी पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा आधीचे अनेक आकडे कितीतरी पट फुगलेले निघाले. समुद्रात तेवढे धातू नव्हते, बाटलीत होते.

पायरी २: मशीन

एएएस: पूर्ण नाव ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटर. प्रत्येक धातूचे अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. शिशाचा दिवा लावायचा, नमुना ज्योतीत फवारायचा, आणि प्रकाश किती कमी झाला ते मोजायचं. जेवढा कमी, तेवढं शिसं जास्त. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडली. ज्योतीचं एएएस स्वस्त आणि टिकाऊ, पण त्याची ताकद पीपीएमच्या आसपास. जस्त, लोह यांना पुरतं. शिशाच्या १० पीपीबीसाठी ते अपुरं पडतं.

ग्राफाईट फर्नेस: तेच एएएस, पण ज्योतीऐवजी ग्राफाईटची छोटी नळी. पाण्याचा एक थेंब आत टाकून नळी २,००० अंशांच्या वर तापवतात. सगळे अणू एकाच वेळी प्रकाशाच्या वाटेत येतात, त्यामुळे १ पीपीबीच्या खालीही जाता येतं. मात्र एका वेळी साधारण एकच धातू, म्हणून वेळ लागतो.

आयसीपी-ओईएस: इथे आर्गॉन वायूचा प्लाझ्मा असतो, सूर्याच्या पृष्ठभागाहूनही गरम. त्यात गेलेले अणू आपापल्या रंगाचा प्रकाश सोडतात. एकाच फेरीत वीस-पंचवीस मूलद्रव्यं मोजून होतात.

आयसीपी-एमएस: प्लाझ्मा तोच, पण प्रकाश न बघता अणूंचं वस्तुमान बघतात, म्हणजे थेट मोजून काढतात. ही मशीन पीपीबीच्याही हजाराव्या भागापर्यंत जाते.

पण तिलाही फसवता येतं. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. प्लाझ्मातला आर्गॉन ४० आणि पाण्यातलं क्लोरीन ३५ एकत्र चिकटले तर बेरीज होते ७५. मशीनला दोन्ही सारखेच! म्हणजे खारट पाण्यात आर्सेनिक नसतानाही असल्याचा भास होतो. कालव्यांच्या लाभक्षेत्रात जिथे जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तिथल्या पाण्यासाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. चांगली लॅब हेलियम वायू वापरून हा खोटा सिग्नल काढून टाकते.

पारा या सगळ्यांतून वेगळा काढून, बहुधा थंड बाष्प पद्धतीने मोजतात.

नदीकाठी नेता येईल असं काही आहे का? आहे. स्ट्रिपिंग व्होल्टामेट्री नावाच्या पद्धतीत इलेक्ट्रोडवर आधी धातू जमवतात, मग उलटा व्होल्टेज देऊन तो सोडतात. कोणत्या व्होल्टेजला किती करंट आला त्यावरून धातू आणि त्याचं प्रमाण कळतं. शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त यांसाठी ती चांगली चालते. तिचं मूळ चेक शास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांच्या १९२२ च्या शोधात आहे. त्यासाठी त्यांना १९५९ मध्ये नोबेल मिळालं.

मोबाईलने होतं का?

काही प्रमाणात. पाण्यात रसायन टाकलं की रंग येतो, आणि कॅमेरा तो रंग मोजतो. लोहासाठी नारिंगी-तांबडा, सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी जांभळट. पीपीएमच्या आसपास हे जमतं. अडचण अशी, की फोनचा कॅमेरा फोटो "चांगला" दिसावा म्हणून रंग आपोआप बदलतो. म्हणून गंभीर प्रयोगांत बंद डबा, ठरलेला दिवा आणि फोटोत शेजारी ठेवलेलं रंगांचं कार्ड वापरतात. नुसता फोटो काढून १० पीपीबी शिसं सांगणारं ॲप दिसलं तर पुढे स्क्रोल करा.

फोनचा खरा उपयोग दुसराच आहे. नमुन्याची जागा, तारीख, वेळ, पाण्याचा रंग, पूर की आवर्तन, बाटलीचा नंबर, हे सगळं जीपीएस आणि फोटोसह नोंदवता येतं. ही नोंद नसेल तर लाखाच्या मशीनचा आकडाही अनाथ असतो.

पायरी ३: आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा?

कोडला जशी टेस्ट लागते, तशी आकड्यालाही. चांगली लॅब चार गोष्टी करते.

१. कॅलिब्रेशन: ०, १, ५, १०, ५० पीपीबी अशी माहीत असलेली द्रावणं मशीनला दाखवून आलेख काढतात. तुमचा नमुना या टप्प्यात बसायला हवा.

२. ब्लँक: अतिशुद्ध पाणी नदीवर नेतात, तिथेच उघडतात, गाळतात, आम्ल टाकतात आणि परत आणतात. त्यात शिसं सापडलं तर ते नदीचं नाही, आपल्याच हातचं.

३. दुबार नमुना: एकाच पाण्याच्या दोन बाटल्या. उत्तरं जवळपास सारखी यायला हवीत.

४. स्पाईक: समजा नमुन्यात ४ पीपीबी आलं. त्यात मुद्दाम १० पीपीबी टाकलं, तर १४ यायला हवं. १३.२ आलं तर टाकलेल्यातलं ९२ टक्के परत मिळालं, ठीक आहे. ९ आलं तर फक्त ५० टक्के, म्हणजे पाण्यातलं काहीतरी मोजणीत अडथळा आणतंय, आणि पहिला ४ चा आकडाही संशयास्पद.

बीडीएल म्हणजे शून्य नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

प्रत्येक पद्धतीची एक खालची मर्यादा असते, तिला शोध मर्यादा म्हणतात. त्याखालचं प्रमाण मशीनच्या आवाजात हरवतं. तेव्हा लॅब लिहिते "बीडीएल", म्हणजे शोध मर्यादेच्या खाली. आता समजा लॅबने ज्योतीचं एएएस वापरलं आणि शिशासाठी शोध मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. म्हणजे ५० पीपीबी. पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे १०. तुमच्या पाण्यात ४० पीपीबी शिसं असलं, म्हणजे चौपट, तरी रिपोर्टवर येणार "बीडीएल". लॅब खोटं बोललेली नाही. पण ग्रामपंचायतीच्या फलकावर तेच "शिसं आढळले नाही" म्हणून लागतं, आणि लोक निश्चिंत होतात.

कोड लिहिणाऱ्यांना हे पटकन कळेल: बीडीएल म्हणजे नल, झिरो नव्हे. एक्सेलमध्ये बीडीएलच्या जागी ० भरून सरासरी काढली की नदी कागदावर आपोआप स्वच्छ होते. म्हणून आकड्याशेजारी शोध मर्यादा छापलेली हवीच, आणि ती मानकाच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली हवी.

पाणी स्वच्छ, पण गाळाचं काय?

आपल्याकडचं पाणी साधारण अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात बरेच धातू विरघळून राहत नाहीत, मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. म्हणून नदीचा जुना इतिहास पाण्यापेक्षा गाळात सापडतो. गाळ वाळवून, चाळून, आम्लात विरघळवून मोजतात, आणि आकडा येतो मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये. प्राथमिक तपासणीसाठी हातातलं एक्सआरएफ यंत्रही चालतं. मग आकड्याची तुलना लोहाशी किंवा ॲल्युमिनियमशी करतात. तांबं आणि लोह दोन्ही बेसॉल्टच्या प्रमाणातच असतील तर ते खडकाचं. लोह तेवढंच आणि तांबं एकटंच वाढलेलं असेल तर ते बाहेरून आलेलं.

हा मुद्दा शेतकऱ्यांच्या घरांसाठी महत्त्वाचा आहे. राज्यात २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आहे. तलावातला गाळ शेतात टाकल्याने जमीन सुधारते, हे खरं आहे, आणि बहुतेक गावतळ्यांच्या गाळाबद्दल घाबरायचं कारणही नाही. पण ज्या तलावात शहराचं किंवा औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी येतं, तिथला गाळ उचलण्याआधी एक तपासणी करून घेणं शहाणपणाचं. शेतात पसरलेला गाळ परत गोळा करता येत नाही.

माशांचंही तसंच. जपानमधल्या मिनामाता इथे पाऱ्याने झालेला आजार १९५६ मध्ये उघडकीस आला. लोकांच्या शरीरात पारा गेला तो मासे आणि शिंपल्यांमधून. पाण्यातला अगदी थोडा पारा अन्नसाखळीत वर जाताना साठत जातो. म्हणून जिथे मासेमारी चालते तिथे नुसतं पाणी मोजून काम संपत नाही.

कोण मोजतं, आणि तुम्ही कुठे तपासू शकता?

- केंद्रीय जल आयोग देशातल्या नद्यांमधले धातू मोजतो आणि त्यावर स्वतंत्र अहवाल काढतो. त्याच्या अहवालांत मर्यादेबाहेर सर्वांत जास्त वेळा येणारा धातू लोह आहे.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी नद्यांचे नमुने घेतं. आपला जिल्हा मंडळाच्या नाशिक विभागात येतो. आकडे मंडळाच्या वेबसाईटवर बघता येतात.
- गावपातळीवर जल जीवन मिशनमध्ये महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षण दिलं जातं. या किटवर पीएच, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह अशा गोष्टी कळतात. शिसं, कॅडमियम कळत नाही.
- जिल्ह्यातल्या सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत सामान्य माणूसही शुल्क भरून नमुना देऊ शकतो. देण्याआधी विचारा: "शिसं आणि कॅडमियम इथेच होतं का? कोणत्या मशीनवर? बाटली तुम्ही देता का?"
- खासगी लॅब निवडताना एनएबीएलच्या वेबसाईटवर तिचा स्कोप उघडा. नुसतं मानांकन बघू नका. "पाणी, शिसं" या ओळीपुढे दिलेला टप्पा कुठून सुरू होतो ते बघा. तो ०.०१ च्या वर सुरू होत असेल तर ती लॅब तुमच्या कामाची नाही.

रिपोर्ट हातात आला की बघायच्या ७ गोष्टी

१. नमुना कुठून, कधी आणि कोणी घेतला?
२. विरघळलेले धातू की एकूण?
३. आम्ल टाकून जतन केला होता का?
४. कोणती पद्धत: ज्योत, फर्नेस, आयसीपी?
५. प्रत्येक धातूची शोध मर्यादा किती?
६. एकक मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम?
७. तुलना कोणत्या मानकाशी? आयएस १०५०० पिण्याच्या पाण्याचं आहे, नदीच्या कच्च्या पाण्याला ते फक्त मोजपट्टी म्हणून लावतात.

नेहमीचे प्रश्न

पाणी उकळलं तर धातू जातात का?
नाही. जंतू मरतात. धातू तिथेच राहतात, आणि पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण उलट थोडं वाढतं.

नदीचा रिपोर्ट चांगला असेल तर नळाचं पाणीही चांगलं ना?
असं गृहीत धरू नका. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, आणि नव्या पाण्याने जुन्या पाईपमधलं शिसं सोडवून घराघरात आणलं. नदीत शिसं नव्हतं, पाईपमध्ये होतं. पिण्याचं पाणी तपासायचं तर नळावरचंच घ्या, आणि रात्रभर साचलेल्या पाण्याची पहिली धार घ्या. आधी नळ सोडून ठेवला तर शिसं वाहून जातं आणि आकडा कमी येतो.

क्रोमियम आढळलं म्हणजे विषारीच का?
प्रकारावर अवलंबून आहे. तीन संयुजेचं क्रोमियम कमी घातक, सहा संयुजेचं जास्त. "एकूण क्रोमियम" जास्त आलं तर सहा संयुजेची वेगळी तपासणी मागा.

एकदाच तपासायचं असेल तर कधी?
एकदाच करायचं असेल तर उन्हाळ्यात, आवर्तन बंद असताना आणि पाणी कमी असताना. पण जमलं तर दुसरा नमुना पहिल्या पुरानंतर त्याच जागी घ्याच. गावातल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच विहिरीचे किंवा बंधाऱ्याचे दोन नमुने दिले तर खर्चही विभागतो, आणि पुढच्या वर्षी तुलना करायला आकडा हाताशी राहतो.